बाटलीत 60 एमएलच निघतंय, म्हणजे दूध आटलं का?

मागच्या अंकात बाळंतपणाची रजा संपल्यावरच्या दिवसांबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर बरेच मेसेज आले आणि जवळजवळ सगळ्यांचा विषय एकच, ऑफिसला जाताना दूध काढून ठेवणं. मी प्रसूती विभागात स्तनपान सल्लागार म्हणून काम करते त्यामुळे हे प्रश्न रोजच समोर येतात, पण इतक्या जणी एकट्याच काळजी करत बसल्यात हे वाचून खरंच वाईट वाटलं. त्यातले पाच प्रश्न घेतलेत. नावं अर्थातच नाही देत.

प्रश्न : नमस्कार ताई, मुलगी साडेसहा महिन्यांची आहे. मी डोंबिवलीहून फोर्टला बँकेत जाते, सकाळी पावणेआठला घर सोडते ते परत यायला साडेसात होतात. जॉइन होऊन तीन आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात एका वेळेला 100-120 एमएल निघायचं, आता कसंबसं 60, ते पण दोन्ही बाजूंचं मिळून. जुन्या फायलींच्या खोलीत बसून दिवसातून दोनदा काढते, दाराला कडी नाहीये म्हणून खुर्ची लावून ठेवते. घरी मुलगी 150 ची बाटली एका दमात संपवते आणि तरी रडते. सासूबाई म्हणतात दूध आटलं तुझं, आता वरचं सुरू कर. खरंच आटलं का हो?

उत्तर : तू जे लिहिलंयस त्यावरून तरी नाही वाटत गं आटलं असेल. आधी दोन गोष्टी बघ, मुलगी दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू करतेय का आणि वजन वाढतंय का. हे दोन्ही ठीक असेल तर पोट भरतंय तिचं. वजन वाढत नसेल तर मात्र माझं उत्तर बाजूला ठेवायचं आणि बाळाच्या डॉक्टरांकडे जायचं.

आता त्या 60 बद्दल. जी आई घरी असताना अंगावर पाजते तिचं एका बैठकीत 60 ते 120 निघणं हे अगदी नेहमीचं आहे. पंप म्हणजे बाळ नव्हे, बाळ जेवढं ओढून घेतं तेवढं पंपाने निघत नाही, त्यामुळे बाटलीतला आकडा बघून अंगात दूध किती हे ठरवायचंच नाही.

आपल्याकडचा पान्हा हा शब्द मला फार बरोबर वाटतो. दूध आत तयार असणं वेगळं आणि पान्हा फुटून ते बाहेर येणं वेगळं. तयार करायचं काम प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन करतं आणि बाहेर सोडायचं काम ऑक्सिटोसिन नावाचं दुसरं हार्मोन. हे ऑक्सिटोसिन फार भिडस्त असतं, कोणी दार ढकलेल का, कॅशवर रांग लागली असेल का, मॅनेजर शोधत असतील का, एवढी धास्ती असली की ते येतच नाही. गाय पान्हा चोरते म्हणतात ना, ती मुद्दाम नाही चोरत, परका माणूस किंवा आवाज आला की तिचं तसं होतं, आणि तू तर दाराला खुर्ची लावून बसलीयेस. तुझ्या दुधात खोट नाहीये, तुला कडी असलेली खोली पाहिजे. ती मागायची कशी ते खाली नाशिकच्या प्रश्नात लिहिलंय, नक्की वाच.

तोवर आपल्या हातात काय आहे ते करू. पंप लावायच्या आधी दोन मिनिटं काहीच करायचं नाही, पाणी प्यायचं, खांदे सैल सोडायचे, तिचं रात्री घातलेलं न धुतलेलं झबलं पिशवीत घालून नेत जा आणि त्याचा वास घे, मोबाइलवर तिचा व्हिडिओ लाव. ऐकायला साधं वाटतं पण झबल्याच्या वासाने पान्हा फुटलेला मी कितीतरी जणींमध्ये बघितलाय. मग पंप आधी दोनेक मिनिटं हलक्या पण भरभर ओढणाऱ्या मोडवर ठेवायचा (बाळ पण सुरुवातीला असंच चुटुचुटु ओढतं) आणि धार लागली की सावकाश मोडवर घ्यायचा. ओढ जितकी जास्त तितकं दूध जास्त असं नसतं, दुखायला लागलं की पान्हा थांबतो, तेव्हा दुखणार नाही इतपतच वाढवायची. आणि बाटलीकडे बघत बसायचं नाही, तिच्यावर एखादा पायमोजा चढव पाहिजे तर.

दुसरं म्हणजे पंप तपास. तीन आठवड्यांत 120 चे 60 झाले तर मी आधी आईकडे नाही, पंपाकडे बघते. त्यात एक छोटा रबरी व्हॉल्व्ह असतो, बदकाच्या चोचीसारखा, रोज धुऊन धुऊन त्याचं तोंड सैल पडतं आणि ओढ कमी होते. कोरडा करून उजेडात धर, चोच आपली आपण मिटलेली दिसली पाहिजे, फट दिसली तर नवीन आण, महाग नसतो. मग ते छातीला लावायचं फनेल, पंपाबरोबर बऱ्याचदा 24 एमएम मापाचं येतं आणि ते कित्येक जणींना मोठं होतं. पंप चालू असताना फक्त स्तनाग्र आत-बाहेर व्हायला हवं, भोवतीचा काळसर भाग खूप सारा आत ओढला जात असेल किंवा नंतर कडेला पांढरट वळ दिसत असेल तर माप चुकलंय.

पंप थांबला की लगेच उठू नकोस, दोन मिनिटं हाताने काढ. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, काळ्या वर्तुळाच्या कडेला, आधी छातीकडे आत दाबायचं, मग बोटं जवळ आणायची आणि सोडायचं, कातडी घासायची नाही. पंप ‘संपलं’ म्हणतो त्यानंतर हाताने 20-30 एमएल निघालं तर नवल वाटून घेऊ नकोस.

आता हिशेब. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसभरात साधारण 750-800 एमएल पितं, म्हणजे तासाला 30-35. तू पावणेबारा तास बाहेर असतेस म्हणजे घरी 350-400 पुरतं, आणि साडेसहा महिन्यांची आहे म्हणजे वरचं खाणं सुरू झालं असेल, त्यामुळे थोडं कमी पण चालेल. एवढ्या वेळासाठी दोन बैठका कमी पडतात गं. तीन कर, एक पोचल्या पोचल्या, एक जेवणाच्या सुट्टीत, एक निघायच्या आधी. तिसऱ्या बैठकीला दहाच मिनिटं मिळाली तरी चालेल, छाती तुडुंब भरून राहिली की शरीराला वाटतं गरज नाहीये आणि ते कमी बनवायला लागतं.

आणि ती 150 ची बाटली एका दमात. बाटलीतून दूध आपोआप तोंडात पडत राहतं म्हणून बाळ गिळत राहतं, भूक तेवढी असतेच असं नाही. बाळाला जवळपास बसतं धरून, बाटली आडवी धरून, मध्ये मध्ये थांबत 80-90 द्यायचं, पंधरा-वीस मिनिटं चाललं पाहिजे. त्याहून उत्तम म्हणजे वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं, धुवायला पण सोपं.

घरी आलीस की आधी तिला घे, चहा नंतर. रात्री पाजणं बंद करू नकोस, प्रोलॅक्टिन रात्रीच जास्त असतं, आणि रविवारी पंपाला सुट्टी, फक्त मुलगी. पाळी परत सुरू झाली असेल तर त्या दिवसांत दूध थोडं कमी होतं आणि परत येतं. गर्भनिरोधक गोळी किंवा सर्दीची गोळी नव्याने सुरू केली असलीस तर डॉक्टरांना विचार, त्यातल्या काहींनी दूध कमी होतं. हळिवाचे लाडू खा, अंगाला चांगलेच आहेत, पण दूध वाढतं ते दूध निघाल्यानेच, एवढं सासूबाईंनाही सांग.

प्रश्न : मी प्रश्न विचारणाऱ्या मुलींपेक्षा मोठी आहे, 61 वर्षांची. सांगलीहून पुण्याला मुलाकडे आलेय नातवाला सांभाळायला, चार महिन्यांचा आहे. सून आयटीत आहे, ती दूध काढून पिशव्यांमध्ये फ्रीजरला ठेवून जाते. आमच्यात शिळं दूध बाळाला देत नाहीत, त्यात ते वर साय धरल्यासारखं फाटलेलं दिसतं, एकदा साबणासारखा वास पण आला. सुनेला बोलले तर वाईट वाटेल म्हणून तुम्हाला विचारते. ते देऊ ना बाळाला?

उत्तर : काकू, तुम्ही सुनेला न दुखवता विचारलंत यातच सगळं आलं. बिनधास्त द्या. तुमच्या मनातला प्रश्न बरोबरच आहे, म्हशीचं दूध न तापवता चार तास ठेवलं तर नासतं हे आपण जन्मभर बघितलंय. पण आईच्या दुधात जंतूंशी लढणारे घटक असतात, म्हणून ते नीट ठेवलं तर टिकतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मातृदूध पेढी सुरू केली, तिथे दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध 62.5 अंशांवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करतात, मग गोठवून साठवतात आणि ते अगदी किलो-दीड किलोच्या, कमी दिवसांच्या बाळांना देतात. आपल्या नातवाला तर त्याच्याच आईचं मिळतंय.

वर जमतं ती सायच आहे म्हणा ना, स्निग्ध भाग वर येतो, फाटलेलं नसतं. पिशवी किंवा वाटी हलक्या हाताने गोल फिरवली की एकजीव होतं. साबणासारखा वास काही जणींच्या दुधाला फ्रीजमध्ये ठेवल्यावर येतोच, त्यातल्या लायपेज नावाच्या घटकामुळे, बाळ पीत असेल तर देत राहा. आंबूस, नासका वास आला तर मात्र टाकायचं. तो वास तुम्हाला ओळखू येईल, इतकी वर्षं स्वयंपाकघर सांभाळलंय तुम्ही.

ठेवायचं कसं ते सांगते. ताजं काढलेलं दूध बाहेर चार तास चालतं असं सांगतात, पण ते 25 अंशांच्या खोलीत. एप्रिल-मेमध्ये आपल्या घरात कुठे 25 असतं, तेव्हा उन्हाळ्यात काढल्या काढल्या फ्रिजमध्येच टाकायचं. फ्रिजमध्ये चार दिवस, आत मागच्या बाजूला, दारात नाही कारण दार सारखं उघडतं. वेगळ्या दाराचा फ्रीजर असेल तर सहा महिने, पण एकाच दाराच्या फ्रिजमधला छोटा बर्फाचा कप्पा असेल तर दोन आठवड्यांत संपवा. पिशवीवर तारीख टाकायला सुनेला सांगा आणि जुनी आधी वापरा. वीज गेली की फ्रीजर उघडायचाच नाही.

द्यायच्या आदल्या रात्री पिशवी फ्रीजरमधून खाली फ्रिजमध्ये काढून ठेवायची, पूर्ण वितळल्यापासून 24 तासांत वापरायची, परत गोठवायची नाही. गॅसवर तापवायचं नाही, उकळायचं तर मुळीच नाही, मायक्रोवेव्हमध्ये पण नाही, त्यात मध्येच एखादा घोट चटका बसेल इतका गरम होतो. पातेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात वाटी ठेवायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचा. बाळाचं उष्टं उरलेलं दोन तासांत दिलं तर दिलं, नाहीतर टाकायचं. टाकताना जीव तुटतो, तिने मीटिंगच्या मधून उठून काढलेलं असतं ते, म्हणूनच एकेका पिशवीत 60-70 एमएलच भरायला सांगा, लागलं तर दुसरी काढायची.

आणि काकू, संध्याकाळी ती आली की तिला एवढं नक्की सांगा, आज इतक्या वेळा प्याला, शांत झोपला. दिवसभर तिच्या डोक्यात तेच चाललेलं असतं.

प्रश्न : मी नाशिकला एमआयडीसीत कंपनीत पॅकिंगला आहे, कॉन्ट्रॅक्टवर. बाळ सात महिन्यांचं. सुपरवायझरला दूध काढायला सुट्टी मागितली तर म्हणाले असा काही नियम नाही, जेवणाच्या सुट्टीत काय करायचं ते करा. बाथरूममध्ये जाऊन पिळून टाकते, रडू येतं. काही नियम आहे का?

उत्तर : आहे, आणि आजचा नाही, 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे. बाळंतपणानंतर कामावर परत आलेल्या बाईला, जेवणाची सुट्टी सोडून वर, दिवसातून दोन ब्रेक बाळाला पाजण्यासाठी मिळाले पाहिजेत, बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत. म्हणजे तुला अजून आठ महिने. आता त्या कायद्याची जागा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतलीय, तिच्यात पण हीच तरतूद आहे. कॉन्ट्रॅक्टवर आहे म्हणून नाही असं चालत नाही, कायद्यात थेट किंवा एजन्सीमार्फत कामाला लावलेली बाई असं स्पष्ट म्हटलंय. 2017 च्या दुरुस्तीत 26 आठवड्यांच्या रजेबरोबर आणखी एक गोष्ट आली, 50 किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला जेवणाची सुट्टी धरून दिवसातून चारदा तिथे जाता आलं पाहिजे.

कायद्यात शब्द ‘पाजण्यासाठी’ असा आहे, पंप किंवा दूध काढणं असा नाही, आणि नेमकं तिथे बोट ठेवून कोणीतरी तुला नाही म्हणेल. तेव्हा वाद न घालता लेखी दे. साधंच लिही, ‘माझं बाळ सात महिन्यांचं आहे, बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत कायद्याने मिळणारे दोन ब्रेक मला अमुक आणि अमुक वाजता घ्यायचे आहेत, त्या वेळेसाठी आतून कडी लागेल अशी खोली आणि बसायला खुर्ची मिळावी.’ एचआर आणि कॉन्ट्रॅक्टर दोघांना दे, एक कॉपी सहीशिक्का घेऊन आपल्याकडे ठेव. बाळंत होऊन आलेल्या अजून दोघी-तिघी असतील तर सह्या एकत्र करा. तरी नाही झालं तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात तक्रार देता येते. डोंबिवलीच्या मैत्रिणीने पण असाच अर्ज द्यावा.

हे लिहिताना मला माझं आठवतंय. माझा मुलगा आता कॉलेजला आहे, तो पाच महिन्यांचा असताना मी ज्या ऑफिसात होते तिथे बायकांच्या बाथरूममध्ये उभी राहून बेसिनमध्ये दूध पिळायचे, नळ सोडून ठेवायचा म्हणजे बाहेर आवाज जात नाही. दीड महिना रोज. पांढरं दूध पाण्याबरोबर जाळीतून खाली जाताना दिसायचं आणि घरी त्याला पावडरचं चाललेलं असायचं. ते काढून ठेवता येतं, आपण मागू शकतो, हे मला कोणी सांगितलंच नाही. म्हणून तुला सांगते, बाथरूममध्ये काढू नकोस, बाथरूममध्ये कोणी कोणाचं जेवण करतं का?

आपल्या राज्यात एसटी स्टँडवर आणि सरकारी ऑफिसांमध्ये हिरकणी कक्ष असतात. रायगडचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले तेव्हा घरी तान्हं बाळ आहे म्हणून कडा उतरून गेलेल्या गवळणीचं नाव आहे ते. काही ठिकाणी खोली चांगली असते, काही ठिकाणी कुलूप असतं आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नसतं. किल्ली मागायची, रजिस्टर असेल तर त्यात लिहायचं. कोणी मागितलीच नाही तर त्या खोलीत सामान भरतात.

खोली मिळेपर्यंत पंपाची पण वाट बघू नकोस. वर लिहिलंय तसं हाताने काढता येतं, हात साबणाने धुऊन, उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. फ्रिज नसेल तर बर्फाचे पॅक घातलेली थर्मल पिशवी घे, पॅक गोठलेले असतील तर त्यात 24 तास राहतं, घरी गेल्यावर लगेच फ्रिजमध्ये.

प्रश्न : ऑडिटमुळे दोन दिवस पंप करायला जमलं नाही. आता एका बाजूला गाठ आहे, लाल झालंय, दुखतंय, कालपासून ताप आहे. त्या बाजूने पाजणं बंद करू का?

उत्तर : बंद करू नकोस, आणि आजच डॉक्टरकडे जा, ताप कालपासून आहे म्हणजे अजून थांबायचं नाही. अँटिबायोटिक लागलं तर पाजताना चालणारं देतात, तसं आठवणीने सांग. त्या बाजूचं दूध बाळाला चालतं. नेहमीच्या वेळेला पाज किंवा काढ, पण गाठ फोडायची म्हणून जोरजोरात चोळायचं नाही आणि पुन्हा पुन्हा पंप पण लावायचा नाही, त्याने सूज वाढते. पाजून झाल्यावर कापडात गुंडाळून बर्फ लाव. पुढच्या ऑडिटला टीममधल्या एकीला आधीच सांगून ठेव, मला दोन वेळा दहा मिनिटं उठावं लागणार आहे म्हणून.

प्रश्न : ताई, मी बाबा आहे, चालेल ना? बायको परत कामाला जातेय, मुलगा पाच महिन्यांचा. पाजणं तर तिलाच करावं लागणार, मी काय करू?

उत्तर : चालेल काय, तुमच्या पत्राने फार बरं वाटलं. पंपाचे पार्ट धुणं तुमच्याकडे घ्या. दिवसाला तीन बैठका म्हणजे दमून आलेल्या बाईला रात्री साडेदहाला सिंकपाशी उभं राहावं लागतं, आणि कित्येक जणी पंप सोडतात ते दूध नाही म्हणून नाही, हे धुणं झेपत नाही म्हणून सोडतात. सिंकमध्ये नाही, वेगळं घमेलं ठेवा त्याच्यासाठीच, दूध लागलेले सगळे भाग सुटे करून आधी साध्या पाण्याने, मग गरम पाणी आणि साबण, वेगळा ब्रश. ट्यूबमध्ये पाणी घालायचं नाही. पुसायचं नाही, स्वच्छ पंचावर उघडंच वाळू द्यायचं. दिवसातून एकदा, कंपनीच्या कागदावर जे भाग उकळायला सांगितलेत ते पाच मिनिटं उकळा, तो रबरी व्हॉल्व्ह हलक्या हाताने, फाटतो पटकन. जमलं तर पार्टचा एक जास्तीचा सेट आणा. सकाळी तिच्या बॅगेत सगळं मोजून भरा, फनेल दोन, व्हॉल्व्ह दोन, बाटल्या, बर्फाचे पॅक, चार्जर. फनेल घरी राहिलं की दिवस फुकट गेला तिचा.